गवती चर : पावसाच्या पाण्याला संथ वाट

मृग नक्षत्राचा पहिला जोरदार पाऊस कोसळून गेला, की गोव्यातील कोणत्याही चढणीच्या रस्त्यावर एक देखावा दरवर्षी हमखास दिसतो. रस्त्याकडेच्या गटारातून तांबडेलाल पाणी खळाळत खाली धावत असते. पाणी वाहते आहे, तुंबलेले नाही, म्हणून पाहणाऱ्यास एक प्रकारचे समाधान वाटते. परंतु त्या पाण्याचा रंग हा मातीचा रंग आहे. आणि ती माती म्हणजे वरच्या काजूच्या बागेतील, मरड शेतातील किंवा घर बांधण्यासाठी नुकत्याच सपाट केलेल्या जागेतील सर्वांत वरचा व सर्वांत कसदार थर होय. पुढे दहा महिन्यांनी, चैत्र-वैशाखात, त्याच वाड्यावरील विहिरी तळ गाठतात आणि घागरी घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

गोव्यात वर्षाकाठी सरासरीने ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. एक हेक्टर जमिनीवर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन कोटी लिटर पाणी. एवढे पाणी ज्या भूमीवर उतरते त्या भूमीत उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष जाणवावे, याचे कारण पावसाच्या कमतरतेत शोधून उपयोग नाही. ते पाणी जमिनीवर किती वेळ थांबते, या प्रश्नात ते दडलेले आहे. डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब व्हाळातून नदीस व नदीतून समुद्रास मिळावयास येथे फारसा अवधी लागत नाही. त्यातच आपण बांधलेली सिमेंटची गटारे हा अवधी आणखी कमी करतात. कारण पाणी शक्य तितक्या लवकर दुसरीकडे घालविणे, एवढाच त्यांचा उद्देश असतो.

हे पाणी मार्गातच संथ करावे, त्यातील माती वाटेतच खाली बसवावी आणि जमेल तेवढे पाणी भूमीत मुरू द्यावे, या हेतूने जे रुंद, उथळ व गवताने पूर्णपणे आच्छादलेले चर काढतात, त्यांना मृद्‌संधारणाच्या भाषेत तृणाच्छादित जलमार्ग म्हणतात. येथे त्यांना सोयीसाठी ‘गवती चर’ असे म्हटले आहे. दिसावयास हा चर अगदी साधा, किंबहुना दुर्लक्षित खळग्यासारखा दिसतो. त्यामुळे त्याकडे ‘पैसे नसल्यामुळे पक्के न केलेले गटार’ अशा दृष्टीने पाहण्याची चूक सर्रास होते. वास्तविक गवती चर हे पक्क्या गटाराइतकेच मोजमाप करून उभारावयाचे बांधकाम आहे. फरक इतकाच, की त्यात सिमेंटच्या जागी गवत असते, आणि सिमेंट चार दिवसांत घट्ट होते तर गवताला त्यासाठी काही महिने लागतात. या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच असे अनेक चर पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातात.

वेगाचे गणित

वाहत्या पाण्याची माती उकरण्याची व वाहून नेण्याची शक्ती त्याच्या वेगावर अवलंबून असते, आणि ती वेगाच्या प्रमाणात न वाढता कितीतरी अधिक झपाट्याने वाढते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो ढकलू शकेल अशा दगडाचे वजन सिद्धांततः चौसष्टपट होते. ओढ्याच्या पात्रात एरव्ही गोटेही न हलविणारे पाणी पुराच्या वेळी मोठमोठे धोंडे कसे लोळवीत नेते, याचा उलगडा यात आहे.

एक उदाहरण घेऊ. एक हेक्टर उताराच्या जमिनीवर तासाला ९० मिलिमीटर या वेगाने सर कोसळत आहे आणि त्यातील निम्मे पाणी वाहून जात आहे असे मानले, तर त्या जमिनीच्या पायथ्याशी दर सेकंदास सुमारे १२५ लिटर पाणी येऊन पोहोचेल. शंभर मीटरला दोन मीटर उतार असलेल्या जागी हे पाणी सिमेंटच्या गटारातून न्यावयाचे झाल्यास ३० सेंटीमीटर रुंद व २२ सेंटीमीटर खोल एवढे गटार पुरे होते. पण त्यातून पाणी सेकंदाला जवळजवळ १.९ मीटर वेगाने धावते. गटार जेथे संपते तेथे हा वेग उघड्या मातीवर येऊन आदळतो. तेथे घळ पडते, आणि ती घळ दरवर्षी मागे मागे सरकत गटाराचाच पाया पोखरू लागते.

तेच पाणी, त्याच उतारावर, गवती चरातून नेण्यासाठी सुमारे दोन मीटर रुंदीचा चर लागतो. त्यात मधोमध पाण्याची खोली १५ सेंटीमीटर राहते आणि वेग सेकंदाला ०.६ मीटरपर्यंत उतरतो, म्हणजे सिमेंटच्या गटारातील वेगाच्या एक तृतीयांश. अर्थात यासाठी जागा जास्त द्यावी लागते, हे लपविण्याचे कारण नाही. जेथे जमिनीचा तुकडा न्‌ तुकडा मोलाचा आहे तेथे हा प्रश्न खराच आहे. मात्र गटाराखालची जागा सर्वस्वी वाया जाते, तर गवती चरातून पावसाळा संपल्यावर गुरांना वैरण मिळते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

गवत पाण्याचा वेग कमी करते म्हणजे नेमके काय करते, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत प्रथम दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्ग व नंतर ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे झाला. निरनिराळ्या गवतांनी आच्छादलेले चर तयार करून त्यांतून मोजून पाणी सोडण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष त्या देशाच्या कृषी खात्याने १९४९ साली प्रसिद्ध केले. त्यातून एक चमत्कारिक वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. पाणी थोडे असते तेव्हा गवताची पाती ताठ उभी राहतात. पाणी त्यांच्यामधून गाळून निघते व अतिशय संथ होते. पाणी वाढले, की तीच पाती प्रवाहाच्या दिशेने आडवी पडतात. विरोध कमी झाल्यामुळे वाढलेले पाणी तुंबून न राहता पुढे निघून जाते. आणि आडव्या पडलेल्या पात्यांची चटई तयार होऊन खालची माती झाकली जाते. म्हणजे थोड्या पावसात गवत पाणी अडविते आणि अतिवृष्टीत माती राखते. मनुष्याने बांधलेल्या कोणत्याही दरवाजाला ही दोन कामे आपोआप आलटून पालटून करता येत नाहीत.

या प्रयोगांत ज्या गवतांनी पाण्याचा मारा उत्तम प्रकारे सहन केला, त्यांत अमेरिकेत ‘बर्म्यूडा गवत’ या नावाने ओळखले जाणारे गवत अग्रभागी होते. हे गवत म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली हरळी होय. जिच्या दूर्वा गणपतीला वाहतात आणि जिच्या चिवटपणाला कंटाळून शेतकरी तिला शिव्या देतो, तीच. शेतात जो दोष तोच चरात गुण ठरतो. चांगल्या धरलेल्या हरळीच्या चरातून सेकंदाला दीड मीटर वेगाचे पाणीही माती न उकरता जाऊ शकते. उघडी पोयट्याची जमीन मात्र अर्ध्या-पाऊण मीटरच्या वेगालाच झिजू लागते.

पटनचेरू येथील अनुभव

आपल्या देशात गवती चराचा सर्वांत पद्धतशीर उपयोग झाला तो हैदराबादनजीक पटनचेरू येथे. अर्धशुष्क उष्ण प्रदेशातील पिकांवर संशोधन करणारी ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था तेथे १९७२ साली स्थापन झाली. तेथील भारी काळी जमीन मराठवाड्यातील जमिनीसारखीच आहे. पावसाळ्यात तिच्यात पाय ठेवणे कठीण होत असल्याने अनेक ठिकाणी खरिपात ती पड ठेवीत व पावसाळा सरल्यावर साठलेल्या ओलाव्यावर रब्बीचे पीक घेत. जमीन चार महिने उघडी राहत असल्यामुळे तिची मोठी धूप होई.

संस्थेने १९७६ पासून एका पाणलोट क्षेत्रात निराळी मांडणी केली. जमिनीच्या सौम्य उताराला अनुसरून रुंद वरंबे व त्यांच्यामध्ये सऱ्या काढल्या. सऱ्यांना अगदी अल्प, शंभर मीटरला जेमतेम अर्धा मीटर असा उतार दिला. प्रत्येक सरीतील जादा पाणी गवती चरात सोडले आणि चराचा शेवट तळ्यात केला. वरंब्यावरील जमीन निचऱ्यामुळे वाफशावर राहू लागली व खरीप आणि रब्बी अशी दोन्ही पिके येऊ लागली. दीर्घकाळ ठेवलेल्या नोंदींनुसार या क्षेत्रातून हेक्टरी सरासरी सुमारे पाच टन धान्य मिळत आले, तर जुन्या पद्धतीच्या शेजारच्या क्षेत्रातून ते एक टनाच्या जवळपास राहिले. मातीची धूप हेक्टरी सहा टनांच्या वर होती, ती दोन टनांच्या आत आली. या उत्पन्नवाढीचे सगळे श्रेय चराला देणे योग्य होणार नाही. सुधारित बियाणे व खते यांचाही त्यात मोठा वाटा आहे. परंतु पाणी सुरक्षितपणे बाहेर नेणारा मार्ग नसता, तर ते बियाणे व ते खत सऱ्यांतील मातीबरोबरच वाहून गेले असते.

पटनचेरूचा पाऊस गोव्याच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आणि तेथील जमीन जवळपास सपाट. तेव्हा तेथील मापे येथे जशीच्या तशी उचलून चालणार नाहीत. घ्यावयाचे ते तत्त्व. गोव्याच्या चढ-उताराच्या जमिनीत काजूच्या लागवडीसाठी समतल चर व त्यांच्यालगत वाळा, स्टायलो, गिरिपुष्प अशा वनस्पतींचे अडथळे लावण्याचे प्रयोग जुने गोवे येथील एला येथल्या कृषी संशोधन केंद्राने केले आहेत. समतल चर पाणी जागच्या जागी अडवितो, तर गवती चर न अडलेले पाणी खाली उतरवून देतो. डोंगरउतारावर दोहोंची जोडी असावी लागते. कारण आषाढातील सततच्या पावसात समतल चर भरले, की ते कोठून तरी फुटणारच, आणि ते कोठून फुटावेत हे आधी ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

चराची आखणी

चर बहुधा जेथे पाणी पूर्वीपासून वाहत आले आहे अशाच सखल ओळीत काढावा. पाण्याची जुनी वाट मोडून त्याला नवी वाट लावण्याचा अट्टहास सहसा अंगलट येतो. तळ परातीसारखा खोलगट व कडा इतक्या सौम्य असाव्यात, की त्यावरून माणूस सहज चालत जावा व विळ्याने गवत कापता यावे. टोकदार तळाच्या चरात सर्व पाणी एका रेषेत एकवटते आणि तेथेच कापत जाते. सरळसोट भिंतींचा चर पहिल्याच पावसात ढासळतो. वर दिलेल्या मापाखेरीज १५ सेंटीमीटर खोली मोकळी राखावी, म्हणजे अतिवृष्टीचे पाणी काठावरून फुटणार नाही.

शंभर मीटरला एक ते पाच मीटर उतार या कामास सोयीचा. त्याहून कमी उतारात पाणी साचून राहते, जास्त उतारात गवताच्या भरवशावर राहता येत नाही. अशा ठिकाणी चरात आडवे दगडी उंबरठे घालावेत. गोव्यात यासाठी चिऱ्यांचे तुकडे मुबलक मिळतात; ते चुन्या-सिमेंटशिवाय रचावे, मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवावा म्हणजे पाणी कडा पोखरून बगलेने जाणार नाही, आणि उंबरठ्याच्या पायथ्याशी पाणी पडेल तेथे गोट्यांचा थर द्यावा. खालच्या उंबरठ्याचा माथा व वरच्या उंबरठ्याचा पाया एका पातळीत यावा, हा नियम. चार टक्के उतारात ३० सेंटीमीटर उंचीचे उंबरठे त्यानुसार साडेसात मीटरवर येतात. दोन मीटर रुंदीच्या चरात अशा प्रत्येक उंबरठ्यामागे साधारण हजार लिटर पाणी क्षणभर विसावते व दगडांच्या फटींतून आणि तळातून झिरपत राहते.

दगडांच्या जागी वाळ्याची दाट ओळही लावता येते. माठातील पाणी सुगंधित करणारा व पडद्यांसाठी वापरला जाणारा हा वाळा मूळचा आपल्याच भूमीतला. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, तीन मीटर व त्याहूनही खोल जातात. त्यामुळे शेजारच्या पिकाला तो उपद्रव देत नाही. कर्नाटकात गुंडलुपेट परिसरातील शेतकरी फार पूर्वीपासून वाळ्याचा उपयोग बांधावरील हद्दीसाठी करीत आले होते. जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी १९८७ साली त्यावर एक लहान पुस्तिका काढली व पुढे तिचा प्रसार अनेक देशांत झाला. वाळा चराच्या लांबीच्या दिशेने न लावता प्रवाहाला आडवा, दोन रोपांत १० ते १५ सेंटीमीटर अंतर ठेवून लावावा. एकही फट राहता कामा नये; फट राहिली की सारे पाणी तिच्यातूनच घुसते. आणि मुळांच्या अत्तरासाठी तो उपटण्याचा मोह पडू देऊ नये, हे निराळे सांगावयास नको.

गवत केव्हा लावावे

सर्वांत जास्त चुका होतात त्या येथे. चर खोदण्याचे काम सर्वसाधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होते. त्या वेळी जमीन कोरडी असते, मजूर मिळतात आणि ‘पावसाळ्यापूर्वीची कामे’ या सदरात ते सहज बसते. शिवाय मंजुरी व निधी यांची साखळी मार्चअखेरीच्या आगेमागे पुरी होते. खोदलेला चर जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडाबोडका असतो. त्यात टाकलेले गवताचे ठोंब मूळ धरण्यापूर्वीच गोव्याचा पाऊस पूर्ण जोराने सुरू होतो. कोकण किनाऱ्यावर मोसमी पावसाला देशावरच्यासारखी हळूहळू चढत जाण्याची सवय नाही. तो आला की आला. परिणामी चराची घळ होते, खालच्या शेतात गाळ पसरतो, आणि ‘गवताचे काही खरे नाही, पक्के गटारच हवे’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष चुकीचा असला तरी घळ पाहणाऱ्या माणसाला तो चुकीचा आहे हे पटवून देणे अवघड जाते.

योग्य काळ हा चतुर्थीनंतरचा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सरी विरळ होतात, जमीन पुरेशी ओली असते, परतीच्या पावसाचा थोडा आधार मिळतो. या वेळी चर खोदून हरळीचे ठोंब १५ ते २० सेंटीमीटरवर लावले, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ते पसरून जमीन पकडतात. उन्हाळ्यात हरळी वरून पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते. पण तिची मुळे व जमिनीखालील खोडे जिवंत राहतात व वळवाच्या एकाच सरीने तिला पुन्हा हिरवे कोंब फुटतात. मृगाचा पाऊस येतो तेव्हा चर तयार असतो. ज्या योजनांत वर्षाचे वेळापत्रक ठरलेले आहे, त्यांनीही चराची आखणी, मोजणी व मंजुरी उन्हाळ्यात उरकून खोदाई मात्र पावसाळ्याच्या अखेरीस ठेवली, तर अडचण पडू नये.

काही कारणाने उन्हाळ्यात खोदणे अटळच झाले, तर वरचे पाणी पहिल्या वर्षी दुसऱ्या वाटेने वळवून चर कोरडा राखावा. तेही शक्य नसेल, तर तळावर काथ्याची जाळी अंथरून ती खुंट्यांनी पक्की बसवावी व तिच्यामधून ठोंब लावावेत. जाळी दोन-तीन वर्षांत कुजून मातीत मिळते. तोवर गवताने तिचे काम आपल्याकडे घेतलेले असते. नुसता पेंढा किंवा झावळ्या टाकून भागत नाही. त्या पहिल्याच लोंढ्याबरोबर खालच्या मोरीत जाऊन अडकतात.

वस्तीतील व रस्त्याकडेचे चर

शेताबरोबरच वस्तीतही या चरांचा उपयोग गेल्या काही दशकांत वाढला आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात एका निवासी रस्त्याचा डांबरी भाग अरुंद करून दोन्ही बाजूंस झाडे-झुडपे लावलेले नागमोडी चर काढण्यात आले. हे काम २००१ साली पुरे झाले. वॉशिंग्टन विद्यापीठाने केलेल्या मोजणीत त्या रस्त्यावरून वाहून जाणारे पाणी ९८ ते ९९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. हा आकडा आपल्याकडे मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. परंतु सिअ‍ॅटलचा पाऊस झिमझिम पडणारा आहे. तेथे संपूर्ण वर्षात जितका पाऊस होतो, साधारण तितका गोव्यात एकट्या जुलैत होतो. तेव्हा तसले ९९ टक्के येथे कोणी कबूल केले, तर त्यावर विश्वास न ठेवणे बरे.

त्यापेक्षा मलेशियाचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. पेनांग राज्यात निबोंग तेबाल येथे सेन्स मलेशिया विद्यापीठाच्या अभियांत्रिकी परिसरात गटारांऐवजी सर्वत्र गवती चर आहेत. चराखाली वाळूने वेढलेली सच्छिद्र पेट्यांची नळी पुरलेली असते. साधा पाऊस वाळूतून गाळून खालच्या नळीत उतरतो व सावकाश तळ्यांकडे जातो; मुसळधार पावसात वरचा चर वाहू लागतो. विषुववृत्तीय पावसाच्या देशात ही योजना या शतकाच्या आरंभापासून वापरात आहे. आपल्याकडे शाळा, पंचायतघरे, औद्योगिक वसाहती यांच्या आवारांत, जेथे जागा आहे व देखभालीची जबाबदारी एकाच संस्थेकडे आहे, तेथे अशी रचना आधी करून पाहण्यासारखी आहे. गावातील अरुंद, घरांना खेटून गेलेल्या रस्त्यांवर तिचा आग्रह धरू नये.

जागा निवडताना एक सोपी परीक्षा घ्यावी. हातभर रुंद व ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणून त्यात पाणी भरावे, ते मुरू द्यावे आणि पुन्हा भरावे. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत दिसेनासे झाले, तर जमीन मुरविणारी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसेच असेल, तर खाली कातळ किंवा चिकणमाती आहे असे समजून चर केवळ पाणी संथपणे नेण्यासाठी आखावा, मुरविण्याची अपेक्षा धरू नये. सड्यावरील उघड्या कातळावर चर खोदण्याचा खटाटोप तर करूच नये. तेथील पाणी कातळाच्या काठाशी, जेथे माती सुरू होते तेथे, हाती घ्यावे.

याहून गंभीर सावधगिरी उभ्या कापलेल्या दरडींबाबत आहे. चिऱ्याच्या थराखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, गुलाबी-पांढरी चिकणमाती असते. ती पाण्याने तुडुंब झाली, की तिची पकड सुटते व वरचा थर घसरून खाली येतो. डोंगर कापून घरे किंवा रस्ते केलेल्या जागी दरडीच्या माथ्याशी पाणी मुरविणारा चर काढणे म्हणजे संकटाला आमंत्रण. तेथे पाणी अस्तर केलेल्या गटारानेच दूर न्यावे. घराच्या पायापासूनही चर किमान तीन मीटर दूर असावा.

डासांची शंका नेहमी विचारली जाते व ती रास्त आहे. १९८६ नंतर गोव्यात हिवतापाने पुन्हा उचल खाल्ली, हे लोक विसरलेले नाहीत. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेतही आठवड्याच्या आसपास अवधी लागतो. चरातील पाणी दोन दिवसांत ओसरत असेल, तर तेथे डासांची पैदास होत नाही. त्याहून जास्त काळ डबके राहत असेल, तर चराचा उतार बिघडला आहे किंवा गाळ साचला आहे, आणि तो दुरुस्त केला पाहिजे. घरातील सांडपाणी मात्र चरात कदापि सोडू नये. एकदा ते शिरले, की चर बारमाही ओला राहतो, हरळी कुजते, आणि गावकरीच तो सिमेंटने बांधून मागतात.

देखभाल

गवती चर एकदा काढून विसरून जाण्याची वस्तू नाही. पावसाळ्यात गवत १० ते १५ सेंटीमीटर उंच असावे. फार वाढू दिले तर ते झुपक्यांनी वाढते व झुपक्यांमधल्या जागा उघड्या पडतात. फार खुरटे ठेवले तर पाण्याचा वेग आवरत नाही. जमीन ओली असताना गुरे आत सोडू नयेत, त्यांच्या खुरांच्या खड्ड्यांतूनच घळीची सुरुवात होते. नांगर चराच्या काठाशी उचलून घ्यावा. चराचा उपयोग पायवाट, बैलगाडीची वाट किंवा दुचाकी उभ्या करण्याची जागा म्हणून होऊ देऊ नये. प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक फेरी मारून कोठे गवत उखडले आहे ते पाहावे आणि तेवढ्या जागी त्याच दिवशी शेजारचा हरळीचा गड्डा आणून दाबून बसवावा. पहिल्या दिवशी टोपलीभर मातीने भरून निघणारे छिद्र पंधरवड्यात ट्रॉलीभर मातीला दाद देत नाही.

गाळ साचणे हे चर बिघडल्याचे नव्हे, तर काम करीत असल्याचे लक्षण आहे. जो गाळ चरात बसत नाही, तो खालच्या खाजनात उतरतो, मानशीजवळची पोय उथळ करतो आणि भरती-ओहोटीचे सारे गणित बिघडवितो. पुढे तो गाळ काढावयाचा तर होडी व चिखलात उभे राहणारी माणसे लागतात. चरातला गाळ मात्र फावड्याने निघतो. उंबरठ्यांमागे तो वीतभर झाला, की पौष-माघात, जमीन कोरडी असताना, गवताची मुळे न दुखविता वरचेवर काढावा. ही माती टाकून देण्यासारखी नसते. ती वरच्याच बागेतून आलेली असते. टोपल्यांनी वर नेऊन काजूच्या व नारळाच्या आळ्यांत घातली, तर जेथून निघाली तेथे ती परत पोहोचते.